गोठ्यातली मातीची बाई

नाताळापूर्वीच्या आगमनकाळात, दुसऱ्या रविवारी सकाळी तू गेलीस. उपासना संपून माणसे घरी गेल्यावर तुझे कारभारी माझ्या मागच्या दाराशी आले.

ते पायरीच्या खाली उभे राहिले. मुंडासे काढून हातात धरले होते. मी म्हणाले, "या भाऊ, वर या."

ते म्हणाले, "बाई, मंडळी गेली."

त्या दिवशी उपासना आमच्या घरी होती. लोणावळ्यात आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपासना चालवायला पाळकसाहेब पुण्याहून कधीमधी येतात. एरवी रविवारी आम्ही कोणाच्या तरी पुढच्या खोलीत जमतो, आणि जमलेल्या माणसांना आमच्यात मंडळी म्हणतात. मी म्हणाले, "हो, आत्ताच गेली. आज लवकर सुटली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा म्हणाले, "आमची मंडळी, बाई. हौसा."

तुमच्याकडे नवरा बायकोचे नाव घेत नाही, मंडळी म्हणतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. इतकी वर्षे त्यांच्या तोंडून ऐकत होते. 'मंडळी शेतावर गेल्यात', 'मंडळीनं ताक धाडलंय.' त्यांच्या तोंडून तुझे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. मला कळले नाही म्हणून त्यांना ते घ्यावे लागले.

मी आत गेले. चुलीवरच्या डाळीवर झाकण ठेवले. परत बाहेर आले आणि म्हणाले, "बसा." ते बसले नाहीत. घरात बायका जमल्या आहेत, जायला हवे म्हणाले, आणि कुसगावच्या वाटेला लागले. मी पुढच्या खोलीत जाऊन खुर्च्या भिंतीला लावल्या, दर रविवारी मंडळी गेल्यावर लावते तशा. मग जेवायला वाढले. आमच्या घरच्यांनी विचारले, "मागच्या दाराला कोण होतं?" मी सांगितले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मी मात्र जेवले.

रडू आले नाही. अजून आलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचे भांडे घासून पायरीवर ठेवले आणि तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने आत नेले.

आता लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवा. दुसरं काय येतंय तुमास्नी?"

*

तू आमच्याकडे दुधाचा रतीब घालायला लागलीस ती एका दिवाळीनंतर. घाटात विजेची इंजिने येण्याच्या आधीची गोष्ट. आमचे घरचे रेल्वेत तारमास्तर, कधी इथल्या स्टेशनात, कधी खंडाळ्याला. एस्तेर पाच वर्षांची होती. तू डोक्यावर चरवी घेऊन कुसगावाहून चालत यायचीस आणि मागच्या पायरीशी थांबायचीस. पायरी चढत नव्हतीस.

पहिल्याच दिवशी मला नाव विचारलेस. मी सांगितले, मार्था.

"मारता?" तू म्हणालीस. "कुनाला मारता?"

मी पुन्हा नीट सांगितले. तू दोनदा म्हणून पाहिलेस, हसलीस आणि पदराने तोंड पुसलेस. "न्हाई जमायचं. रोज सकाळी दारात येऊन मारता मारता म्हनलं तर लोक काय म्हनतील? मी आपली बाई म्हनंन." त्या दिवसापासून मी बाई झाले. पुढे मी तुला हौसाबाई म्हणायची सोडून हौसा म्हणू लागले, तुझे मला 'तुमी' म्हणणेही सोडायला सांगितले. "जीभ वळत न्हाई," एवढेच तुझे उत्तर होते.

थंडीत लांबून चालत येतेस म्हणून मी चहा विचारायची. तुझा उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी विचारले तर म्हणालीस, "आज बी हाय येक." मला कारण कळत होते. आमच्या घरचे पाणी तुझ्या घरी चालणार नव्हते. लहानपणी नगरला याहून उघड बोललेले मी ऐकले होते. तुझे खोटे निदान मऊ होते. मी विचारायचे थांबवले नाही आणि तूही उपास सोडला नाहीस.

तो आगमनकाळ मला नको होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मला मुलगा झाला होता आणि श्रावण सरायच्या आत तो गेला होता. तुला यातले काही ठाऊक नव्हते. मी रविवारी मंडळीत बसत असे आणि गीतांच्या वेळी तोंड हलवत असे. पाळकसाहेब येऊन शांतीबद्दल बोलून गेले होते. त्यांचे बोलणे चांगले होते. मला ते भिंतीपलीकडून ऐकू यावे तसे ऐकू आले.

पण घरात एस्तेर होती. नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी आमच्या घरात गोठा मांडतात. माझे वडील मिशनच्या सुतारशाळेत शिकवत. त्यांनी सागाच्या लाकडातून मरीया, योसेफ, एक गाय आणि बाळ कोरले होते. गोठा मांडायचा, गव्हाणीत पेंढा घालायचा आणि गव्हाण रिकामी ठेवायची. बाळ नाताळच्या रात्री ठेवायचे, तोपर्यंत वाट पाहायची. एस्तेरने हट्ट धरला म्हणून मी गोठा काढला. बाळ बटणांच्या डब्यात होते. तो डबा मी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी तू दूध मापत असताना एस्तेर तुला म्हणाली, "आमच्याकडे बाळ येणार आहे."

"अगं बया! कवा?"

"नाताळात. आईनं त्याला निजायला जागा पण केलीय."

तू मान वर करून माझ्या पोटाकडे पाहिलेस. मी दारात उभी होते, अंगावर शाल होती. बोलायला हवे हेच मला सुचले नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस ती ओच्यात आवळे आणि चिंचा घेऊन. रोजचे दूध मापून झाल्यावर तू चरवी पुन्हा भांड्यावर वाकडी केलीस आणि म्हणालीस, "ह्ये वरचं तुमचं न्हाई, पोटातल्याचं हाय." मग आवाज खाली आणलास. "चोरून ठिवलंत व्हय? मला वाटलंच, बाईचं तोंड असं का सुकलंय. कितवा?"

मी पायरीवर बसले. सगळे एकदमच सांगितले. बाळ माझे नाही, देवाचे आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी जन्मले आणि दर वर्षी आम्ही त्याची वाट पाहतो. माझे बाळ श्रावणात गेले. आता कोणी येणार नाही.

तू चरवी खाली ठेवलीस. आवळे तुझ्या ओच्यातच होते.

"म्हंजी ह्यो दर वरशी येतो?"

"हो."

"आन तुमचा?"

तू तशीच उभी राहिलीस. मग पहिली पायरी चढलीस, दुसरी चढलीस आणि माझ्याशेजारी बसलीस. ओचा सोडून आवळे दोघींच्या मध्ये ओतलेस.

"च्या टाका, बाई," तू म्हणालीस.

"आज मंगळवार आहे."

"असू द्या. मोडला उपास."

तो चहा तू बशीत ओतून, फुंकर घालून, पार तळापर्यंत प्यालीस. मी पाहत होते. नंतर कप धुऊन ठेवताना मला जाणवले की बऱ्याच दिवसांत मी स्वतःही अख्खा कप चहा प्याले नव्हते.

*

आपला वाद सुरू झाला तो त्याच आठवड्यात. एस्तेरने तुला गोठा दाखवायला आत नेले. आता तू आत येत होतीस. तू वाकून नीट पाहिलेस.

"ही कोन?"

"मरीया. बाळाची आई."

"पोरच दिसती की. आन ह्यो?"

"योसेफ. तिचा नवरा."

"बाकीच्या बाया कुटं हायत?"

मी म्हणाले, बाकीच्या बायका नाहीत. ती दोघे परगावी गेली होती, उतरायला जागा मिळाली नाही, म्हणून बाळ गोठ्यात जन्मले. तू कमरेवर हात ठेवलेस.

"ते समदं असू द्या. सुईन कोन हुती?"

"तसं लिहिलेलं नाही."

"लिवलं न्हाई म्हंजी नव्हती व्हय? पहिलटकरीन पोर, परगाव, आन बाळातपान त्या बाप्यानं केलं? त्याला काय ठावं? नाळ कुनी कापली? पानी कुनी तापीवलं?"

"हौसाबाई, पुस्तकात जेवढं आहे तेवढंच..."

"पुस्तक कुनी लिवलं? बाईनं का बाप्यानं?"

"पुरुषांनी."

"मंग!" तू म्हणालीस आणि एस्तेरकडे पाहून डोळे मोठे केलेस. एस्तेर खदखदून हसली. श्रावणापासून ती घरात अशी हसली नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी तू मुद्दाम आलीस. पदराखाली काहीतरी होते. बेंदराला बैल करतात तशा मातीची तू एक बाई केली होतीस. उकिडवी बसलेली, डोईवर पदर, दोन्ही हात पुढे केलेले. नाक करायचे राहिले होते. तू ती मरीयेच्या उशाशी ठेवलीस. "आता झालं," म्हणालीस. तू गेल्यावर मी ती उचलून खिडकीच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर तू आत गेलीस आणि तिला पुन्हा गोठ्यात ठेवलेस. मी पुन्हा काढली. असे किती वर्षे चालले! बाई कच्च्या मातीची; लोणावळ्याच्या पावसाळ्यात ओल धरून ती फुगायची, तडकायची, श्रावण-भादव्यात तिचा चिखल व्हायचा. तू पुढच्या आगमनकाळात नवी करून आणायचीस. एका वर्षी तिला नाक आले, एका वर्षी कडेला पाण्याचे मडके आले. आमचे घरचे म्हणायचे, "तुमचा हा खटला आता पुण्याच्या कोर्टात न्या. मी साक्षीला येतो."

एकदा मंडळी आमच्या घरी असताना ती बाई चुकून गोठ्यातच राहिली. पाळकीणबाईंनी विचारले, "ही कोण?" मी म्हणाले, मेंढपाळाची बायको. तू मागच्या दारात ताकाचा गडवा घेऊन उभी होतीस. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "मंग मेंढरं कुटं हायत तिची?"

मी तुला दर वर्षी तेच उत्तर दिले. पुस्तकात नाही. मला पुस्तके आवडतात, लिहिलेल्यावर माझा विश्वास आहे, हे तुला ठाऊक होते, म्हणून तू ते उत्तर चालवून घेतलेस. पण खरे कारण ते नव्हते. ते मी तुला कधी सांगितले नाही. इथे सांगते.

माझा मुलगा झाला त्या दिवशी दुपारी पाऊस कोसळत होता. घाटात दरड आली होती आणि आमचे घरचे खंडाळ्याला अडकले होते. शेजारच्या घराला कुलूप होते. दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून सुईणीला आधी सांगून ठेवले नव्हते. एस्तेरला मी पुढच्या खोलीत पाटी देऊन बसवले आणि मधले दार लावले. दार उघडून कोणी आत येईल म्हणून मी खूप वेळ दाराकडे पाहत होते. कोणी आले नाही. जे करायचे ते मी केले, जसे सुचले तसे. मूल रडले. काही दिवस जगले.

नंतर लोक खूप आले. पण त्या दुपारी कोणी नव्हते, आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हते. फक्त मरीया तशी होती. परगावी, गोठ्यात, एकटी. तिच्याजवळ कोणी बाई असल्याचे लिहिलेले नाही, हे मी त्या वर्षी पुनःपुन्हा वाचले. मला त्याचा आधार होता. तू तिच्या उशाशी बाई आणून बसवलीस आणि मला वाटले, आता हिलाही कोणीतरी मिळाले. मग तशी मीच उरले.

हे कारण तुझ्यासमोर बोलायला मला कधी जमले नाही. एकदा तू विचारलेही होतेस. आपण पायरीवर नाताळच्या करंज्यांसाठी खोबरे किसत होतो. तू मान वर न करता म्हणालीस, "आन त्या वक्ताला तुमच्यासंगं कोन हुतं, बाई?"

मी म्हणाले, "दूध उतू जाईल," आणि आत गेले. चुलीवर दूध नव्हते. दूध तूच थोड्या वेळापूर्वी आणून दिले होतेस आणि मी ते तुझ्यासमोर फडताळात ठेवले होते. तू परत विचारले नाहीस.

*

पाळकसाहेब ज्या शांतीबद्दल बोलले होते ती मला प्रार्थनेत मिळाली नाही, असे मी म्हणणार नाही. मिळाली, पुढे, हळूहळू. पण तिची सुरुवात पायरीवर झाली. तू तांदूळ निवडायला घ्यायचीस. मी पुस्तक घ्यायची. तू म्हणायचीस, "वाचा मोठ्यानं, मला बी कळू द्या काय चाललंय त्यात." मी वाचायची. मध्येच तू म्हणायचीस, "खोटं हाय ह्ये," आणि आपण पुढे जायचो. कधी काहीच वाचायची नाही. तुंगार्लीच्या बाजूने वारे यायचे, तू पायावर पदर ओढायचीस, खाली यार्डात इंजिनाची शिट्टी व्हायची. अशा वेळी एकदा माझ्या लक्षात आले की मी बराच वेळ दाराकडे पाहिलेले नाही.

तुझी सगळी मते मला पटत नव्हती. तापावर तू अंगारा लावायचीस. एस्तेरला लावू दिला नाही तेव्हा आठवडाभर तू माझ्याशी दुधापुरती बोलत होतीस. तुझ्या सुनेला तू फार बोलायचीस आणि मी तसे म्हटले की, "तुमची सून येऊ द्या, मंग बघते," म्हणायचीस. एस्तेर मिरजेला नर्सचे शिकायला गेली तेव्हा मात्र तू माझ्यापेक्षा जास्त खूश झालीस. "आता आपल्या गोठ्याला सुईन मिळाली," म्हणालीस. हा वार माझ्यावर होता.

या वर्षी पहिल्या रविवारी तू आलीस तेव्हा खोकत होतीस. साखर रेशनवर आल्यापासून आपण गुळाचा चहा पितो. तू अर्धाच प्यालीस. पदराखालून बाई काढलीस. ती ओली होती. थंडीमुळे वाळली नाही, म्हणालीस. या वर्षी तिचे नाक चांगले झाले होते.

"खिडकीत ठिवा, वाळू द्या. गोठ्यात ठिवाया मीच येते फुडल्या रविवारी."

"आणि मी काढून ठेवीन."

"काढा की. मी काय मेले व्हय?"

त्यानंतर दूध घेऊन तुझी सून येऊ लागली. आत्याबाई निजून आहेत, म्हणाली. मी बघायला आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस, अंगावर घोंगडी. छातीचा आवाज दारापर्यंत येत होता. दवाखान्याचे औषध उशाशी होते आणि त्याच्याशेजारी अंगारा. मी काही म्हणाले नाही. तू विचारलेस, "वाळली का?"

"अजून ओली आहे."

"थंडी हाय. वाळंल." मग म्हणालीस, "हालीवली न्हाई न्हवं?"

"नाही."

मी तुझ्या पायांवर घोंगडी सारखी केली. तेव्हा मी सांगू शकले असते. घरात आपण दोघीच होतो. मी म्हणाले, "रविवारी ये." तू म्हणालीस, "येते की."

*

तू गेल्यानंतर मी कुसगावला आले. ओसरीवर बायका बसल्या होत्या. कोणी तरी सरकले, मी बसले. तुझ्या सुनेने पाणी आणून दिले, मी ते प्याले. बायका रडत होत्या. मी तुझी चरवी पाहत होते. ती खुंटीला उपडी टांगली होती.

निघताना तुझे कारभारी माझ्याबरोबर बांधापर्यंत चालत आले. ते कधी फार बोलत नाहीत. तिथे थांबले आणि म्हणाले, "ती मातीची बाय पोचली न्हवं तुमच्याकडं?"

"पोचली."

"ताप हुता अंगात. मी म्हनलं, कशाला माती कालीवतीस थंडीची? ऐकंल तर ना. दर साली त्येच. माती मळताना आपलं म्हनायची, बाईला येकटीला ठिवायचं न्हाई. बाईला येकटीला ठिवायचं न्हाई." त्यांनी मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले. "आमास्नी वाटायचं, तुमच्या त्या देवाच्या आईचं बोलती."

मी म्हणाले, "हो." मग वाटेला लागले.

घराजवळ येईपर्यंत मी विचार केला नाही. पायरीशी आल्यावर केला. मरीयेला तू कधी बाई म्हटले नाहीस. तिला तू पहिल्या दिवसापासून पोर म्हणायचीस. ती पोर, त्या पोरीचा बाप्या, त्या पोरीचं बाळ. तुझ्या तोंडी बाई एकच होती.

म्हणजे तुला ठाऊक होते. कधीपासून, ते मला कळणार नाही. फडताळातल्या दुधापासून असेल. आणि इतकी वर्षे मी पुस्तकाचे कारण सांगत राहिले आणि तू नवी माती मळत राहिलीस.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देते. त्या वक्ताला माझ्यासंगं कोणी नव्हतं, हौसा. नंतर तू आलीस.

एवढे लिहिले तरी रडू आलेले नाही. येईल तेव्हा येईल. घरचे म्हणतात, जरा पडून राहा. एस्तेरला कळवले आहे. नाताळला ती सुट्टी घेऊन येणार आहे. मागच्या रविवारी मंडळी दुसऱ्यांच्या घरी होती. मी गेले, गीतांच्या वेळी तोंड हलवले. परत आल्यावर मागच्या पायरीवर बसले. माझी एक मंडळी इथेही होती, तीही गेली, हे तेव्हा मी त्याच शब्दांत स्वतःशी म्हटले आणि या वेळी मला अर्थ कळला.

बाई वाळली होती. तिच्या पाठीवर तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे. मी ती खिडकीतून उचलली आणि तू ठेवायचीस तिथे ठेवली.

दूध आता तुझी सून घालते. ती पायरीशी थांबते. मी चहा विचारते, तिचा उपास असतो.

गोठ्यात मरीया आहे, योसेफ आहे, गाय आहे. उशाशी तुझी बाई आहे. गव्हाण अजून रिकामी आहे.